अक्काची गाठ आणि ज्वारीचा प्रोग्राम

परभणीच्या कृषी विद्यापीठात मला संख्याशास्त्राची नोकरी लागली तेव्हा माझा मुलगा नुकता रांगायला लागला होता. सासर मानवतपासून थोडं आत, कच्च्या रस्त्यावरच्या गावात. नवरा परभणीला शाळेवर शिक्षक. पोराला घेऊन दोघांनी नोकऱ्या कशा करायच्या, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. नेमणुकीची बातमी सांगून झाली. तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई चुलीपुढून उठल्या, माझ्या मांडीवरचं पोर उचललं आणि सासूबाईंना म्हणाल्या की हे इथं राहील, ही शनिवारी येईल न् सोमवारी पहिल्या गाडीनं जाईल. मुलगा शाळेत जायच्या वयाचा होईपर्यंत तसंच चाललं.

त्यांना मी अक्का म्हणायची. उंच, रुंद हाडाची, आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या बाईला कामाला लावायची. घरात दोन म्हशी, शेतात कापूस आणि ज्वारी. वेचणीला बायका किती लावायच्या, सरकीचं काय करायचं, पाहुण्यांकडं कोण जायचं, हे सगळं तीच ठरवायची. तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, अबोल माणूस. धाकट्या भावाच्या बायकोशी ते थेट बोलत नसत. मला काही सांगायचं असलं तर भिंतीकडं बघून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगायचे आणि मी ऐकून घ्यायची.

विद्यापीठात माझं काम म्हणजे शास्त्रज्ञांनी आणलेले आकडे तपासून द्यायचे. कुठल्या वाणाला किती उतारा आला, कुठल्या खताचा फरक खरा आणि कुठला नुसता योगायोग, असलं काम. पुढं संगणक आला. त्याची खोली थंड ठेवलेली असायची, दाराबाहेर चपला काढाव्या लागत, आणि बाकी लोक तिथं देवळात आल्यासारखे हळू बोलत. मला त्या मशीनची भीती कधी वाटली नाही. आपण जे नीट सांगू तेच ते करतं आणि चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करतं, हे एकदा कळल्यावर माझं त्याच्याशी जमलं.

त्या मशीनवर मी केलेलं पहिलं मोठं काम ज्वारीचं होतं. दोन वाण दिसायला इतके सारखे की बियाण्यात मिसळले तर डोळ्यांना वेगळे करता येत नसत. मी दोन्ही वाणांचे दाणे घेऊन त्यांची लांबी, रुंदी, जाडी, वजन मोजलं आणि संगणकाला सांगितलं की हे या वाणाचे आणि ते त्या वाणाचे. कुठल्या मापाला किती महत्त्व द्यायचं हे त्यानं त्या आकड्यांवरून काढलं. मग त्यानं न पाहिलेला दाणा दिला तरी तो कुठल्या वाणाचा असावा हे सांगायला लागलं. नेहमी बरोबर नाही, पण माणसापेक्षा पुष्कळ बरं. ज्वारीच्या विभागात त्याचं कौतुक झालं आणि ते परभणी गावातही थोडंफार पोचलं.

त्यामुळंच एक दिवस एक डॉक्टर मला शोधत आले. पॅथॉलॉजीचे डॉक्टर, म्हणजे रक्त, लघवी, गाठी तपासणारे. परभणीत त्यांची स्वतःची लॅब होती. वय चाळिशीच्या आतबाहेर, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, बोलणं मोजकं. बायकांच्या छातीत गाठ असली की ते बारीक सुई घालून तिच्यातला थेंबभर अंश काढत, काचेच्या पट्टीवर पसरून रंगवत आणि मायक्रोस्कोपखाली बघत. साधी गाठ की कॅन्सर, हे पेशींवरून सांगत. बहुतेक वेळा लगेच कळायचं. पण काही काचा अशा यायच्या की धड इकडं नाही, धड तिकडं नाही. बाहेरदेशी काही लोक पेशी मोजून संगणकाकडून मत घ्यायचा प्रयत्न करताहेत, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. तुम्ही ज्वारीचं जे केलंत ते पेशींचं करता येईल का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला पेशी दाखवा.

त्यांनी दाखवल्या. प्रत्येक पेशीच्या आत एक गडद जांभळा ठिपका असतो, त्याला केंद्रक म्हणतात. साध्या गाठीतली केंद्रकं एकाच मापाची, गोल, शिस्तीत बसलेली. कॅन्सरमधली मोठी, वेडीवाकडी, आणि शेजारशेजारची दोन एकमेकांसारखी नाहीत. मला ते पाहता पाहता हुरूप आला. आकार, कड, गोलाई, एकसारखेपणा, सगळं मोजण्यासारखं होतं. डॉक्टरांना मात्र मी घाईनं हो म्हणतेय असं वाटलं असावं. माणसाची पेशी म्हणजे ज्वारी नव्हे, तिथं चुकलं तर बाई जाते, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं की म्हणूनच आधी तुमच्याकडच्या जुन्या काचा द्या, ज्यांचं पुढं ऑपरेशन होऊन खरं काय ते कळलेलं आहे अशा.

तेव्हापासून माझे रविवार त्यात गेले. वनस्पतिरोग विभागात एक मायक्रोस्कोप होता, त्याला वर छोटा आरसा बसवलेला. एका डोळ्यानं आत पाहिलं की आतलं चित्र शेजारच्या कागदावर उतरल्यासारखं दिसे आणि त्यावरून पेन्सिल फिरवता येई. पानांवरच्या बुरशीची चित्रं काढायला तो वापरत. मी त्यावर केंद्रकं काढायची. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून क्षेत्रफळ काढायचं, कारण पानांचं क्षेत्रफळ आम्ही तसंच काढत होतो. कडेची लांबी मोजायला जमीन सर्वेक्षणवाल्यांकडून नकाशावरचा रस्ता मोजायचं चाक आणलं. मान अवघडून जायची. पण प्रत्येक काचेचे आकडे मशीनमध्ये गेले की ते थोडं शहाणं व्हायचं, आणि ते मला दिसायचं. डॉक्टर संध्याकाळी येऊन मशीनचं उत्तर आणि खरं उत्तर ताडून पाहत. सुरुवातीला हात मागं बांधून उभे राहायचे. पुढं पुढं खुर्ची ओढून बसायला लागले.

मशीन चुकायचं, तेव्हा आम्ही कारण शोधायचो. एकदा त्यानं एका काचेला ठामपणे कॅन्सर म्हटलं आणि ती बाई ठणठणीत होती. डॉक्टरांनी पुन्हा काच पाहिली आणि हसले. बाईच्या अंगावर पिणारं मूल होतं. दूध येत असतं तेव्हा पेशी अशा फुगतात, हे त्यांना माहीत होतं, मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. अशा बायकांच्या काचा आमच्या जुन्या काचांत नव्हत्याच. मग त्यांनी तशा काचा मिळवल्या आणि मी त्या घातल्या. एकदा मात्र उलटं झालं. खऱ्या कॅन्सरला मशीननं साधी गाठ म्हटलं. त्याचं कारण आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही.

हे वर्षभर चाललं होतं. रविवारी गावाकडं जाणं कमी झालं होतं आणि अक्काला त्याचा राग होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला त्याच्या आधीच्या दिवाळीला मी गेले तेव्हा तिनं पहिलं तेच काढलं. करंज्या करत बसलो होतो. एवढं काय काम असतंय रविवारचं, तिनं विचारलं. मी सांगितलं. सुईनं गाठीतला अंश काढतात, मी पेशी मोजते. कसल्या गाठी, तिनं विचारलं. मी म्हटलं, छातीतल्या. दुखत नाहीत म्हणून बायका दाखवत नाहीत आणि उशीर होतो.

अक्का करंजीच्या कडेला मुरड घालत होती. मुरड पूर्ण करून तिनं करंजी ताटात ठेवली.

"तू सांगायलीस ना, तसली गाठ मला हाय."

मी विचारलं, कधीपासून.

"उन्हाळ्यापासून. दुखत न्हाई, काई न्हाई. म्हणलं ऱ्हाऊ दे."

आतल्या खोलीत जाऊन मी हात लावून पाहिला. डाव्या बाजूला, काखेकडं, बोराएवढी, टणक. माझ्या हाताला तोपर्यंत काचांची सवय होती, गाठीची नव्हती. अक्का चोळीच्या गाठी मारता मारता म्हणाली की कापूस फुटलाय, वेचणी आटोपली की बघू. मी भाऊबीज झाली की लगेच म्हटलं. ती ऐकेना. म्हशीला दिवस भरत आलेत, बायका मिळत न्हाईत, अशी एकेक अडचण काढायला लागली.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, त्यानं भावाला. थोरले दीर ओसरीवर आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले.

"तिला घेऊन जावा. कापसाचं मी बगतो."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं परभणीला आलो.

डॉक्टरांनी सुई घातली. अक्का वर छताकडं बघत पडून राहिली, आणि उठल्यावर म्हणाली की काटा मोडल्यापेक्षा हे बरं. ती आमच्या घरी थांबली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. काच त्यांनी अनेकदा पाहिली होती. पेशी पुरत्या साध्या नव्हत्या आणि पुरत्या वाईटही नव्हत्या. दोन मार्ग आहेत, ते म्हणाले. महिन्यानं पुन्हा सुई घालून पाहायचं, नाहीतर आत्ताच सबंध गाठ काढून तपासायची. दुसरा मार्ग जास्त खात्रीचा, पण चाकू लागणार आणि कदाचित उगाच लागणार.

अक्कानं महिना निवडला. तिची बहीण जिंतूरला दिलेली होती. पोटात गाठ आहे म्हणून तिला कापलं होतं आणि आत काहीच निघालं नव्हतं. ती बाई पुढं वर्षभर उठून नीट कामाला लागली नाही. अक्कानं ते जवळून पाहिलं होतं. नुसत्या शंकेवर मी अंगाला चाकू लावून घेणार न्हाई, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं, आणि तिचं काही चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

ती बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, काच मला द्या, मी मोजते. ते नाही म्हणाले. तुमचा हात कललेला असेल, म्हणाले. पेन्सिल केसभर आत-बाहेर गेली तरी आकडा बदलतो आणि तुम्हाला तो चांगला यावा असं वाटत असणार. मला ते पटलं आणि झोंबलंही. शेवटी त्यांनीच तोड काढली. अक्काच्या काचेबरोबर त्यांनी आणखी काही काचा मिसळल्या, नावं झाकली, नुसते नंबर टाकले, आणि सगळ्या माझ्या हातात दिल्या.

दोन दिवस रजा टाकून मी ते काम केलं. मला वाटतं त्या कामाइतकं सरळ काम मी दुसरं केलं नाही, कारण कलायचं कुठल्या बाजूला हेच मला माहीत नव्हतं. पण मन गप्प बसत नाही. एका काचेतली केंद्रकं मुगासारखी एकसारखी, गोल, सुबक होती. ती अक्काची असणार असं मी मनाशी ठरवून टाकलं. अक्काच्या हातचं सगळं तसंच असायचं, नीटनेटकं, मापात. ते ठरवल्यावर मला भूक लागली आणि मी पोटभर जेवले.

आकडे मशीनमध्ये घालताना मध्येच वीज गेली. पुन्हा सगळं घालावं लागलं. उत्तरं कागदावर उतरवून मी ती डॉक्टरांच्या लॅबमध्ये नेली. त्यांनी सगळी वाचली. मी माझ्या सुबक काचेचा नंबर पुढं करून म्हटलं, ही साधी आली. ते म्हणाले, ती सेलूकडच्या एका मुलीची आहे. मग त्यांनी दुसऱ्या नंबरावर बोट ठेवलं. मशीननं तिला कॅन्सरच्या बाजूला टाकलं होतं. फार लांब नाही, पण निश्चित त्या बाजूला. केंद्रकं साध्या गाठीतल्यांपेक्षा फार मोठी नव्हती, पण ती एकमेकांसारखी नव्हती. डोळ्याला ते जाणवलं नव्हतं, आकड्यांना जाणवलं होतं.

डॉक्टर पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. मी समोरच्या बाकावर. मग त्यांनी मान वर केली.

"मी एकटा असतो तर महिनाभर थांबलो असतो," ते म्हणाले. "आता थांबणार नाही. पण मशीन म्हणतंय म्हणून, असं मी त्यांना सांगणार नाही. मी पुन्हा पाहिलं आणि माझं मत बदललं, असं सांगेन. जबाबदारी माझी आहे."

मला ते फार आवडलं. पण अक्काशी मला तसं बोलता येणार नव्हतं. मी रविवारी काय करते हे तिला मीच सांगितलं होतं, आणि ती विचारणार हे मला ठाऊक होतं.

घरी आले तेव्हा ती अंगणात बसून आमच्या शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसले आणि झालं ते सगळं सांगितलं. नंबर टाकलेल्या काचा, सेलूकडची मुलगी, मशीनचं उत्तर, डॉक्टरांचं मत, काही वगळलं नाही. शेवटी तिनं विचारलं.

"तुजं मशीन चुकतंय का?"

मी म्हटलं, चुकतं. एकदा लेकराला पाजणाऱ्या बाईला त्यानं उगाच वाईट म्हटलं होतं.

"माजं लेकरू पंचवीस वर्सांचं हाय. आन् दुसरं?"

"एकदा खऱ्या वाईट गाठीला साधी म्हटलं."

अक्कानं शेंगांच्या साली गोळा केल्या.

"म्हंजी साधी म्हणलं असतं तरी मला जीवाला लागूनच ऱ्हायलं असतं. वाईट म्हणलंय तर काडूनच टाकते. उगं कापलं म्हणून मी तुला बोल लावणार न्हाई. न्हाई कापलं न् पुडं वाडलं, तर मलाच मी माफ करणार न्हाई."

इतकं बोलून ती शेंगा घेऊन आत गेली आणि भाजी फोडणीला टाकली. मी अंगणात बसून रडले. दुःखानं नाही. आपण एखाद्या माणसाला सगळं खरं सांगावं आणि त्यानं ते सगळं पेलावं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परभणीतच गाठ काढली. तपासणीचं उत्तर आलं, कॅन्सर होता. लहान होता. डॉक्टरांनी थोरल्या दिरांना आणि अक्काला एकत्र बसवून सांगितलं की आता ती बाजू पूर्ण काढावी लागेल, त्यासाठी औरंगाबादला जावं लागेल, आणि आत्ता गेलात तर पुढची आशा पक्की आहे. दीर खाली बघत होते. अक्कानं विचारलं की पुढच्या वेचणीला हात उचलता येईल का. डॉक्टर म्हणाले, येईल, व्यायाम केलात तर. ती म्हणाली, मग ठरवा.

जायच्या दिवसांतच औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय जाहीर झाला. मराठवाड्याच्या विद्यापीठाचा प्रश्न मी कॉलेजात होते तेव्हापासून पेटलेला होता, आणि त्या आठवड्यात कुठं गुलाल उडत होता, कुठं बंद होता. थोरले दीरही आमच्याबरोबर होते, आणि आमची एसटी पोलिसांनी जालन्याच्या अलीकडं अडवली. पुढं काय चाललंय ते बघून येतो म्हणून ते गेले आणि आम्ही उन्हात थांबलो. गाडीत काही लोक चिडलेले, काही आनंदात, बाकीचे नुसते घाबरलेले. पुढच्या बाकावर एक बाई होती, निळं लुगडं नेसलेली, मांडीवर पेढ्यांचा पुडा. अक्का पिशवीला टेकून डोळे मिटून बसली होती. त्या बाईनं मला विचारलं, यांना बरं न्हाई का. मी सांगितलं, ऑपरेशनला चाललोय. तिनं पुड्यातला पेढा काढून अक्काच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा माय. चांगला दिस हाय." अक्कानं पेढा तोंडात टाकला आणि तिचं गाव विचारलं. गाडी सुटेपर्यंत दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलत होत्या.

ऑपरेशन नीट झालं. काखेतल्या गाठी तपासल्या, त्यांत काही नव्हतं. थोरले दीर खाली नळावर तोंड धूत होते, त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी ओल्या हातांनीच मला नमस्कार केला. मला काय करावं कळेना, मी पण केला.

अक्का गावी परतली. पहिले काही आठवडे कठीण गेले. हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीला बोटं लावून सरकवत सरकवत ती रोज थोडा वर न्यायची आणि जिथवर गेली तिथं कोळशानं खूण करायची. आरशासमोर ती पुष्कळ दिवस उभी राहिली नाही. त्याबद्दल मला एकदाच म्हणाली की अंग हलकं झाल्यावर चालताना तोल जातो. मग तिनंच त्यावर इलाज काढला. घरच्या कापसाची सरकी काढून, पिंजून, मऊ सुती कापडाची पिशवी शिवली आणि चोळीत आतून टाके घातले. पहिली फार हलकी झाली. दुसऱ्या वेळी कापसात थोडी ज्वारी घातली. खांदे समान झाले तेव्हा मला बोलावून म्हणाली, बघ, कुणाला कळतंय का. कळत नव्हतं.

आमच्या प्रोग्रामचं पुढं फार मोठं काही झालं नाही. डॉक्टरांनी आणि मी एका छोट्या सभेत त्याबद्दल सांगितलं. एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं की ज्वारीवाल्या बाईंनी आम्हाला कॅन्सर शिकवायचा का. लोक हसले, मी पण हसले. काही तरुण डॉक्टर मात्र नंतर जवळ येऊन कागद मागून घेऊन गेले. हातानं केंद्रकं काढत बसायला पुढं कुणाला वेळ नव्हता, आणि डॉक्टरांची नजर इतकी तयार झाली की त्यांना आकड्यांची गरज कमी पडायला लागली. केंद्रकं एकमेकांसारखी आहेत का, हे आता आपोआप दिसतं, असं ते म्हणायचे.

आता मी निवृत्त आहे. मागं पुतणीच्या तपासणीला तिच्याबरोबर गेले तेव्हा छातीचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, संगणकाच्या पडद्यावर आला आणि संशयाच्या जागेभोवती मशीननं स्वतःच चौकोन काढून दिला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगायला सुरुवात केली की आजी, याला आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणतात. मी विचारलं, याला शिकवताना कुणाच्या चित्रांवर शिकवलं. आपल्याकडच्या बायका त्यात होत्या का, पाजणाऱ्या होत्या का, शेतात राबणाऱ्या होत्या का. त्या खुर्ची ओढून नीट बोलायला बसल्या. लाखो चित्रं एका क्षणात बघणाऱ्या त्या मशीनचं मला कौतुक वाटलं, भीती वाटली नाही. त्याच्या मागं कुठंतरी मान अवघडून बसलेली माणसं आहेत हे मला माहीत आहे. आणि शेवटी चौकोनाकडं बघून मत द्यायला त्या बाई होत्याच. पुतणीचा चौकोन त्यांनी नीट पाहून पुसला. जुन्या सुजेचा वण होता.

अक्काचं एक सांगायचं राहिलं: ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात ती पुन्हा परभणीला आली. मला वाटलं तपासणीला एकटीच आली असेल. दार उघडलं तर पायरीवर तिच्यामागं गावातल्या चौघी उभ्या, डोक्यावर पदर, हातात पिशव्या. अक्कानं वेचणीत काम करताना प्रत्येकीला विचारलं होतं आणि जिला शंका होती तिला धरून आणलं होतं. एकीला तर तिच्या सासूच्या देखत विचारलं होतं. मी सगळ्यांना चहा दिला आणि डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी एकेकीला तपासलं. दोघींना काहीच नव्हतं. एकीची गाठ साधी, दुधाची निघाली. चौथीला सुई लावावी लागली. ती घाबरून रडायला लागली, तेव्हा अक्का तिच्या उशाशी बसली आणि तिच्या म्हशीच्या दुधाचा हिशोब विचारत राहिली. सुई झाली हे त्या बाईला कळलंही नाही. काच रंगवून होईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. डॉक्टरांनी दारात येऊन सांगितलं की साधी आहे, अगदी साधी.

मग त्या सगळ्यांना बाजार बघायचा होता. स्टॅन्डजवळच्या हॉटेलात आम्ही भजी खाल्ली, एकीनं नातीसाठी फ्रॉक घेतला, अक्कानं नवीन विळा. परतीच्या एसटीत चढताना गर्दी होती. अक्कानं डावा हात वर करून दांडी धरली, मागच्या बाईला दुसऱ्या हातानं आत ओढलं आणि कंडक्टरला जागा करायला सांगितलं.